कोपऱ्यावरचं रडणं

रविवार, फैजपूर

धाकट्या भावानं, संज्यानं, आज त्याचा पहिला अल्बम ऐकवला. प्रायोगिक रॉक म्हणे. गिटार, केळीच्या ट्रकचे हॉर्न आणि मध्येच मी. आबांच्या मयताला आले तेव्हा मला घ्यायला कोपऱ्यावर आला होता मेला, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. लेकीनं कोपऱ्यापासून रडत यायचं असतं, तशी मी रडले. पण त्याच्या आधीचं कशाला ठेवायचं? "भाऊ, पिशवी द्या ती," असं रिक्षावाल्याला शांतपणे सांगते आणि लगेच हंबरडा. ते काढ म्हटलं तर म्हणतो, "ताई, तेच तर गाणं आहे."

पिशवी द्या ती. किती साधा आवाज होता माझा.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मेली का रिक्षा थेट दारापर्यंत आणजो."