हिरड्यांचं लवकर बघा

लोणावळा, सोमवार

ती. रतनमावशीस,

सारिकाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या औंढ्यातली भातलावणी उरकली असेल. (गुडघा दुखत असूनही तू चिखलात उतरलीच असशील, नाही म्हणू नकोस.)

इकडे सगळं उत्तम, फक्त माझ्या हिरड्या मागे सरकल्या आहेत. खालच्या समोरच्या दाताचं मूळ उघडं पडलंय. थंड पाणी लागलं की कळ थेट कानात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ब्रश करून दाखवायला सांगितलं. मी घासून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, दात आहेत हे, करपलेला टोप नव्हे." आणि मला तर वीस वर्षं त्या कडक ब्रशचा आणि दणदणीत हाताचा अभिमान! (जोर लावला की सगळं लख्ख होतं, असंच मी धरून चालले. लेकीचेही, आपल्या हर्षदाचे, दात तसेच घासत आले बिचारीचे.) सरकलेली हिरडी आपोआप परत चढत नाही म्हणे, आहे ती राखायची. मऊ ब्रश, हलका हात, आणि दर सहा महिन्यांनी दातांवरचं कीटण काढून घ्यायचं. हे मी आता आमच्या अख्ख्या वलवण गावाला शिकवते. त्या एका दाताच्या हिरडीला मात्र तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून ठिगळ लावायचंय, येत्या गुरुवारी, नाहीतर तो हलायला लागेल. मी मुळीच घाबरलेली नाही.

तर त्या दिवशी दवाखान्यातूनच घाईत यांना मेसेज केला, 'हिरड्यांचं लवकर बघा.' संध्याकाळी तुझे जावई खांद्यावर पोतं घेऊन हजर! डोंगरवाडीच्या कान्हूभाऊंकडून आणलेले दहा किलो हिरडे, आपण खोकल्यावर उगाळतो ते. मागोमाग कान्हूभाऊंचा फोन, "वैनी, कमी पडलं तर अजून हायेत. पर येवढा खोकला कुनाला झालाय?" म्हटलं, "भाऊ, हिरडे नव्हे, हिरड्या. तोंडातल्या." ते मग म्हणाले, "त्या न्हाईत बगा द्यायला. हायेत तेवढ्या आमालाच लागत्यात." यांचं म्हणणं, मेसेजचा अर्थ तोच होत होता. (होत होता, मावशी. चारदा वाचून पाहिला.)

तुझी,
सारिका

ता. क. तुझी मिश्री सोड. तंबाखूच ती, हिरड्या खाते. रागावू नकोस.

आणखी एक ता. क. हा गुरुवार मी तीनदा पुढे ढकललाय. यांना सांगितलंय, एवढ्याशा कामाला सोबत कशाला? तू ये. सकाळी दहाला. दवाखान्याच्या दाराशीच बस, आणि तोंडात कापूस नसताना मी बाहेर आले, तर दंडाला धरून परत आत ने.