शपथेवर मजबूत

भाद्रपद व. १, शके १८५७
म्युनिसिपालटीची नोटीस. भद्रकालीतल्या आमच्या इमारतीचा रस्त्याकडचा सज्जा धोकादायक, पंधरा दिवसांत दुरुस्त करा. जाऊन पाहिला. तुळईचं टोक कुजलंय, नखानं भुगा पडतो. बरोब्बर खाली भाडेकरू रहीमभाई शिंपी मशीन मांडून बसतो. सुताराला गाठलं. पितृपक्षात नवं काम धरत नाही म्हणाला. मीही आग्रह केला नाही. पितरांच्या पंधरवड्यात घराला हत्यार लावायचं म्हणजे…

व. ६
रहीमभाईला मशीन आत घ्यायला लावलं. आत अंधार, दोरा ओवता येत नाही म्हणून कुरकुरला, पण घेतलं. भला माणूस.

आश्विन शु. २
मुदत सरली, दंड आला. सुताराकडे निघालो तर मेहुणे नाना वकील आडवे. आता हात लावलात तर सज्जा मोडका होता हे कबूल केल्यासारखं. हरकत घ्या, निकालापर्यंत खिळाही ठोकू नका. पितृपक्षाचं कारण सांगू म्हटलं तर हसले.

शु. १२
म्यु.चे साहेब पाहणीला. भाडेकरू बिनधास्त बसतो हे दिसावं, ही नानांची अक्कल. रहीमभाईला मशीन पुन्हा बाहेर आणायला सांगितलं. का, कशाला, काही विचारलं नाही. साहेब वर बघत होते, मी रहीमभाईच्या टोपीकडे.

आश्विन व. ७
कमिटीपुढे शपथेवर लिहून दिलं, सज्जा मजबूत आहे. दंड रद्द. नाना पेढे घेऊन आले. सौ. म्हणाली, मग आता तरी सुतार बोलवा. नाना म्हणे महिनाभर थांबा, लगेच टेकू दिसला तर शोभा होईल. पेढा तसाच ठेवून उठलो.

व. १०
रहीमभाईकडे दिवाळीच्या शिवणाची झुंबड. बाया, पोरं, सगळी सज्ज्याखाली. आत बस म्हटलं. तो सगळ्यांसमोर हसला.
"मालक, तुम्ही कमिटीपुढं कसम खाल्ली ना? मग कसली भीती?"
तोंड उघडलं. म्हणालो, हो, इथं उजेडही बरा आहे.
हे मी बोललो. लाज वाटते.

वसुबारस
सकाळीच सुताराकडे. नानांना विचारलं नाही. दुपारी टेकू घेऊन येतो म्हणालाय. दुपार टळली. मी रहीमभाईशेजारी स्टूल टाकून बसलोय, इथंच हे लिहितोय. मालक आज हिशेबाला बसलेत, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. खरं काय ते अजून माझ्या तोंडून निघत नाही. आत्ता एक बाई कडेवरच्या पोरासकट माप द्यायला आली. वरून वहीवर भुगा पडला. उठून तिला बाजूला