सातमची शेगडी

११ सप्टेंबर, बुधवार

शाळेच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. पोलीस ठाण्यातून फोन.
"अल्पनाबेन का? तुमच्यावर फिर्याद आहे. सासूच्या हातावर उकळतं पाणी ओतल्याची."
मी म्हटलं, मला सासू नाही. घटस्फोटाला चार वर्षं झाली.
पलीकडच्या फौजदार गोहिलसाहेबांनी कागद उलटला. "मग माजी सासू. येऊन जा."

नक्कल घरी आणली. तीनदा वाचली. नवरा होता, हितेनची भाषा लगेच ओळखू येते — 'सदर बाई पहिल्यापासून तापट.' २५ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ. म्हणे मी त्याच्या घरात घुसले, आमच्या मुलीला, हेत्वीला, ओढून न्यायला लागले, बा, म्हणजे त्याची आई, मध्ये पडल्या, तर शेगडीवरचं उकळतं पातेलं उचलून त्यांच्या उजव्या हातावर ओतलं. सोबत दवाखान्याचा कागद, त्याच दिवसाचा. खाली साक्षीदार म्हणून बांचा अंगठा.

खरं एवढंच — हेत्वी सुट्टीला बापाकडे होती. चष्मा इथेच विसरली. तो द्यायला मी गेले. दार बांनी उघडलं. चष्मा घेतला, हळूच म्हणाल्या, "आत नको येऊस बेटा, हितेन झोपलाय. उठला की उगाच." मी उंबऱ्याबाहेरूनच परत फिरले. समोरच्या मनुकाकांनी मला जिना चढताना पाहिलं, हातही केला. म्हणजे गेलेच नव्हते असं म्हणायची सोय नाही. म्हणायचंही नाही.

४ ऑक्टोबरला हेत्वीच्या ताब्याची तारीख आहे. त्याचा अर्ज आधीच पडून आहे: मुलगी माझ्याकडे द्या. आता त्याला कारण मिळालं.

१२ सप्टेंबर

बांचा हात खरंच भाजलाय का? दिवसभर डोक्यात एवढंच. मला विचारायला जाताही येत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

रूपलबेन वोरांकडे गेले. घटस्फोटही त्यांनीच लढवला होता. त्यांनी फिर्याद वाचली, चष्मा कपाळावर चढवला. "हितेनभाईंनी उंधियू केलंय. सगळं एकाच मडक्यात, आणि कंद कच्चेच."

मला हसू आलं नाही. त्यांनी पाणी दिलं. मग समजावून सांगितलं. आधी अटकपूर्व जामीन, दुसरं काही सुचायच्या आत. पोलिसांकडे एकटीने जबाब द्यायला जायचं नाही. हितेनचे गेल्या वर्षभरातले सगळे मेसेज जपून ठेवायचे, एकही पुसायचा नाही, उत्तरही द्यायचं नाही. पुढे हवं तर हायकोर्टात फिर्यादच रद्द करा म्हणून अर्ज.

"आणि त्याने खोटं लिहिलं त्याचं काय?" मी विचारलं.
"आहे ना. पोलिसांना खोटी खबर देणं हा गुन्हाच आहे. पण ती तक्रार तुम्ही नाही करायची, पोलिसांनीच लेखी करायची. आणि स्वतःचीच फसगत झाली असं कोणता साहेब हौसेनं लिहून देतो? बदनामीचा दावा तुम्ही स्वतः लावू शकता. नुकसानभरपाईचाही, पण तो निर्दोष सुटल्यावर. आधी सुटायचं, मग भांडायचं."

कायद्याची नवी कलमं अजून त्यांच्या तोंडात बसलेली नाहीत. जुना आकडा सांगतात, मग टेबलाच्या काचेखालचा तक्ता बघतात.

निघताना म्हणाल्या, "सासूबाई काय बोलतील त्यावर सगळं आहे. त्या कशा आहेत?"

कशा आहेत! रिक्षात बसल्यावर उत्तर सुचत गेलं. हेत्वी सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत, माझ्या तळहातापेक्षा जेमतेम मोठी. तेव्हा दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्या बाई पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाधा घेतली, नवसच — ही जगली तर चहाला तोंड लावणार नाही. बारा वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत, थंडीत, तापातसुद्धा नाही. हितेन चिडवायचा, "बा, देव काय तुझे कप मोजत बसलाय?" त्या म्हणायच्या, "मी मोजतेय ना."

अशा बाईंनी या कागदाखाली अंगठा कसा उठू दिला?

१८ सप्टेंबर, बुधवार

जामीन मिळाला. अट — फिर्यादीच्या घराजवळ जायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. म्हणजे बांशी. हेत्वीचा बांना दर रविवारचा फोन असतो, तो चालू राहील. न्यायाधीशांनीच तसं सांगितलं: मुलीला आजीपासून तोडू नका.

शाळेत मोठ्या बेननी, मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. "मला तुमच्याबद्दल शंका नाही, पण पालक विचारतात." पालकांना एका आठवड्यात कळलंसुद्धा.

२० सप्टेंबर

रूपलबेनचा फोन. आवाजात हसू मावत नव्हतं.
"अल्पनाबेन, पंचवीस ऑगस्टला तुम्ही काय जेवलात?"
"आठवत नाही."
"आठवा. मी ठेपले खाल्ले, आदल्या दिवशीचे. दही. कुलेरचे लाडू. गार गार."
मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. श्रावण वद सातम, शीतळा सातम!

आम्हाला सण तिथीने लक्षात राहतात. पंचवीस ऑगस्ट म्हटलं की पोलिसांची तारीख वाटते. आदल्या दिवशी, छठीला, सगळं रांधून ठेवायचं, संध्याकाळी शेगडी पुसून तिला कुंकू लावायचं. सातमला घरात जाळ नाही. शीतळा माँ घरोघरी येऊन गार चुलीत लोळते. ऊन चूल लागली तर पोळते आणि शाप देते. आंघोळसुद्धा गार पाण्याची. माझी पहिली सातम बांच्याच घरात झाली. शेगडीला नुसता हात लागला तर त्यांनी मला देवापुढे बसवून माफी मागायला लावली होती.

"उकळतं पातेलं म्हणे," रूपलबेन म्हणत होत्या. "त्या घरात? सातमला? छठीच्या तळणात तेल उडालं असेल, दवाखाना दुसऱ्या दिवशी. गोहिलसाहेबांच्या घरीही त्या दिवशी गारच जेवले असतील. कायदा लागणारच नाही, कॅलेंडर पुरेल."

आज पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी.

२२ सप्टेंबर, रविवार

हेत्वीला सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. पण तिचे कान सगळीकडे असतात, म्हणून म्हटलं आनंदाची बातमी तरी माझ्याकडून कळू दे. ती पोळी अर्धी टाकून उठली. मी भांडी घासताना मागे येऊन उभी राहिली.

"मम्मी, शेगडी पेटली होती."

नळ बंद केला.

"तू चष्मा देऊन गेलीस ना, त्यानंतर. माझं पोट खूप दुखत होतं. आणि मग... ते आलं. पहिल्यांदा." ती जमिनीकडे बघत होती. "बा म्हणाल्या, घाबरू नको. त्यांनी पाणी गरम केलं, रबरी पिशवीत भरायला. ओततानाच हातावर सांडलं. ओरडल्यासुद्धा नाहीत. आधी पिशवी मला दिली, मग नळाखाली हात धरला. पप्पा उठल्यावर त्यांना म्हणाल्या, भाजलं, कसं ते विचारू नको. मला म्हणाल्या, शेगडीचं कुणाला सांगायचं नाही."

"आणि दुसरं? ते मला का नाही सांगितलंस?"

"ते सांगितलं तर शेगडीचं सांगावं लागलं असतं."

महिना झाला. माझी मुलगी मोठी झाली आणि मला माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं, ओल्या हातांनीच. तिचा फ्रॉक भिजला. बांनी घरात जाळ केला, तोही सातमला, तोही त्या अवस्थेतल्या मुलीसाठी. ज्या बाईंनी मला त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीपाशी फिरकू दिलं नाही, त्यांनी! मला त्यांचा राग यायला हवा होता की त्या गप्प बसल्या. येत होता, तेवढ्यात हे.

२४ सप्टेंबर

रूपलबेनना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या.
"तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. तुम्ही आत गेला नाहीत हे तर खरंच आहे. आपण फक्त विचारायचं — सातमला शेगडी कुठे पेटते? प्रश्न विचारला म्हणजे खोटं बोललं असं होत नाही."
"मला उत्तर माहीत आहे ना पण."
"मग हेत्वीचा जबाब देऊ."
"नाही."

गोहिलसाहेबांसमोर बसून तिने ते सांगायचं? मग हितेनचा वकील उलट विचारणार, किती वाजता, पोट कुठे दुखत होतं. नाही.

आणि तो प्रश्न शेवटी बांनाच विचारला जाणार. देवाची शपथ घालून. पेटली नाही म्हणाल्या तर माझ्यासाठी खोटं. पेटली म्हणाल्या तर हितेनचं पातेलं खरं ठरतं.

"शेगडीचं काही लिहू नका," मी म्हटलं. "बाहेर उभी होते, चष्मा दिला, परत आले. एवढंच."
"एवढ्यावर मुलगी जाऊ शकते, अल्पनाबेन."
"माहीत आहे."
रूपलबेननी उसासा टाकला. "खोटं बोलणारे अशील सांभाळायला सोपे असतात हो."

२५ सप्टेंबर

झोप नाही. हेत्वीच्या कपड्यांच्या खणात स्वच्छ घड्या घालून जुन्या सुती साडीचे तुकडे सापडले. बांच्या साडीचे. महिनाभर माझ्याच कपाटात होते.

२९ सप्टेंबर, रविवार

हेत्वीचा बांना फोन. गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. मी मुद्दाम मिक्सर लावला. परत आली तेव्हा डोळे लाल.
"काय म्हणाल्या?"
"म्हणाल्या, तू अभ्यास कर."
"आणि तू काय म्हणालीस?"
"चार तारखेनंतर मी कुठे राहणार ते विचारलं. आणि तू शेगडीचं काढून टाकायला सांगितलंस, ते सांगितलं." मग पुन्हा, "बोलायला नको होतं का?"
कोर्टाने मला मना केलं आहे, तिला नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी रूपलबेनचा फोन. बा सकाळी एकट्याच रिक्षाने पोलीस ठाण्यात गेल्या होत्या. जबाब दिला, वाचून घेतला, अंगठा न देता सही केली — वळवून वळवून. जबाबात एवढंच: वहू, हेत्वीची आई, आत आलीच नाही. चष्मा देऊन गेली. पाणी माझ्या हातून सांडलं. शेगडी मीच पेटवली.

गोहिलसाहेबांनी विचारलं, "सातमला? कशासाठी, बा?"

"चहाची तलफ आली," म्हणाल्या. तसंच लिहून घेतलंय.

'काही न ऐकलेल्या' रूपलबेन हसत होत्या. "म्हाताऱ्या माणसांना राहवत नाही हो चहाशिवाय."

मी म्हटलं, हो.