‘ना’ नसलेला प्रश्न

प्रिय सेल्बी,

आधीच सांगते, हे अर्धवट टाकून हसायला लागलास तर बघ. ‘ताईचं सुरू झालं’ असंही म्हणू नकोस. मी घाबरले आहे. तुझ्या पायात रुतलेला गळ पक्कडीने उपटताना जी खी-खी हसत होती, त्या तुझ्या ताईला कालपासून घास गिळवत नाहीये. घाबरले ती तुझ्यासाठी. कशाने ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. मुद्द्यावर यायला जीभ धजत नाही, आणि सगळी भानगड त्या जिभेचीच आहे.

उभा जन्म ऑपरेशनच्या वॉर्डात घालवला आणि आता केस पिकल्यावर पुन्हा दप्तर घेऊन निघाले, म्हणून तू मला काय कमी चिडवलंस! म्हणे, ताई आता लोकांच्या डोक्यात टाके घालणार. अरे, मनाच्या दुखण्यांवरचा वरचा अभ्यासक्रम आहे तो, आमच्यासारख्या मुरलेल्यांसाठी. नर्सा आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक अँब्युलन्सवाला आहे. रक्ताच्या थारोळ्यात उभं राहून सँडविच खाणारी माणसं ही, पण त्या वर्गात सगळ्यांची पाचावर धारण बसते. कारण तिथे पेशंट म्हणून नट आणून बसवतात. माणूस खोटा, गोष्ट खोटी, तरी समोर बसला की तळहातांना खरा घाम सुटतो.

माझ्या वाट्याला आला तो बोटीवरचा माणूस. समुद्रावर जायचं सोडलेला, झोप उडालेला. मी काय छान बोलत होते सांगू! त्याला धीर दिला, खाण्यापिण्याचं विचारलं, मध्ये गप्पही बसले, जे मला जन्मात जमलेलं नाही. मग खरा प्रश्न आला, आणि मी आपल्या बेटावरच्या बायकांसारखी पुढे वाकून म्हटलं, “अरे राजा, तसलं काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?” तो म्हणाला, “छे हो.” मी हुश्श करून मागे टेकले. आम्हाला शिकवणाऱ्या पर्डीबाईंनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, “व्हर्ना, उत्तर कोणी दिलं?” मी म्हटलं, यांनीच की. “नाही,” त्या म्हणाल्या, “तू दिलंस. तुझ्या त्या ‘ना’ने. तू विचारलं नाहीस, बाई, तू त्याला विनवलंस, नाही म्हण म्हणून.”

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना तो प्रश्न सरळ म्हणायला लावला. जीव द्यायचा विचार मनात येतो का? एवढाच. गोल गोल नाही, शेवटी ‘ना’ नाही. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे त्या घोकून घेतात. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला हायसं वाटतं, की चला, हे ऐकू शकेल असं कुणीतरी भेटलं. पण म्हणून बघ मोठ्याने! अँब्युलन्सवाल्याला ठसका लागला. मला हसू फुटलं, मूर्खासारखं. आपण वाढलोच ‘ना’वर रे. जेवलास ना, बोट बांधलीस ना, बरा आहेस ना. आई तर धक्क्यावर बाबा समोर उभे असताना विचारायची, “आलात ना?” आपल्या घरात मायाच तशी विचारली जायची, उत्तर हातात देऊन.

काल पर्डीबाई धोक्याच्या खुणा सांगत होत्या. माणूस आपल्या जिवाच्या वस्तू वाटून टाकायला लागतो. बरेच महिने काळवंडलेला माणूस एकदम हलका होतो, गोड बोलायला लागतो, आणि घरचे म्हणतात, सुटलो बाई, आला एकदाचा माणसात. मी लिहून घेत होते आणि माझा हात थांबला.

बाबांचा अकॉर्डियन, सेल्बी. नाताळात मी त्याच्यावरची धूळ झटकली तरी वसकन ओरडायचास, आणि गेल्या आठवड्यात तो तू माझ्या क्लाइडला पाठवून दिलास. मला काय आनंद झाला! शेजारपाजारच्यांना सांगत सुटले, भावाचं मन बघा म्हणून. बोसन कुत्रा एफीकाकूला देऊन टाकलास, तिला सोबत म्हणे. खेकड्यांचा हंगाम तोंडावर आला आणि तुझे पिंजरे अजून शेडमध्येच आहेत. आणि रविवारी फोनवर काय गोड बोललास! तुझ्या बोटीवरून हेडली समुद्रात गेल्यापासून अख्खा हिवाळा नुसतं हूं-हूं, आणि रविवारी विनोदावर विनोद. फोन ठेवून मी क्लाइडला म्हटलं, मामा आला एकदाचा माणसात. त्याआधी तुला काय विचारलं होतं, आठवतं? “बरा आहेस ना?” तू म्हणालास, एकदम बरा.

हेडलीबद्दल मी काही बोलणार नाही. लाट कशी आली, दोर कसा सुटला, त्यातलं मला काय कळतंय? तुझी चूक नव्हती, हे सगळ्या बेटाने तुला सांगून झालंय. तुला काय वाटतं, ते मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझं चुकलं असेल तर खुशाल हस. धक्क्यावर सगळ्यांना सांग, दोन पुस्तकं वाचून व्हर्नाचं डोकं फिरलं. ती थट्टा मी मरेपर्यंत आनंदाने सोसेन. मला भीती आहे ती तू ‘हो’ म्हणण्याची, आणि त्याहून जास्त, तू ‘नाही’ म्हणशील आणि मी त्यावर खूश होऊन चहा पिऊन परत जाईन, याची.

पाकिटावर तिकीट नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. मी हे फेरीबोटीत बसून लिहितेय. बर्फामुळे बोट मध्येच थांबलीय आणि माझा जीव टांगणीला लागलाय. एफीकाकू सकाळपासून काकवी घातलेले टाउटन, ते तळलेले पाव, घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलीय ना, तिला मीच पाठवलंय. तिच्यावर चिडू नकोस. आल्या आल्या तिला घरी पाठवीन आणि हे तुझ्या हातात देऊन म्हणेन, आधी वाच, मग बोल. तू वाचशील तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून चहाचं आधण ठेवत असेन. तुझं तोंड बघितलं की माझ्या तोंडून तो मेला ‘ना’ निघेल, म्हणून शाईने लिहून ठेवतेय, मला बदलता येऊ नये म्हणून. सेल्बी, जीव द्यायचा विचार तुझ्या मनात येतो का? हो असेल तर हो म्हण. तरी चहा तोच आणि बहीण तीच. मी ओरडणार नाही, रडले तर रडेन. मग दवाखान्यात आपण दोघं मिळून जाऊ; आपण येतोय म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी कळवलंय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. वाचून झालं की नुसतं ‘ताई’ म्हण. मी वळते.

तुझीच, तुझ्या चुलीपाशी उभी असलेली,
ताई