गच्चीवरची मोजणी

आई, तुझी पॅनेलं पास झाली. आधी हेच सांगते, कारण निकाल शेवटपर्यंत दाबून ठेवणाऱ्यांचा तुला भारी राग यायचा.

हडपसरच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर तू ती बसवलीस, तेव्हा मला नुकतीच आयटीत नोकरी लागली होती. आमच्या ऑफिसात एसी एवढा, की भर मेमध्ये मी स्वेटर घालून बसायचे, आणि हाकेच्या अंतरावर तुझ्या स्वयंपाकघरात लोडशेडिंग. शाळेतून निवृत्त झाल्यावर तू दहावीच्या मुलांना घरी शास्त्र शिकवायचीस. ओट्यावर मेणबत्ती, खाली सतरंजीवर मुलं, आणि धडा कुठला, तर विद्युतधारेचा! एक दिवस तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालीस, आता हा विनोद पुरे झाला. महिन्याभरात गच्चीवर चार सोलर पॅनेलं आली, बाल्कनीत बॅटऱ्या आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी बघायला आले आणि हे सगळं पाच वर्षांत भंगारात जाणार, असं तिथल्या तिथे सांगून मोकळे झाले. तू चष्मा पुसत म्हणालीस, "मोजून बघू की. तोवर तुम्हीही तब्येत सांभाळा."

त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत अंधार आणि आपल्या खिडकीत ट्यूबलाइट. काय तोरा होता गं तुझा! पुढचे कितीतरी दिवस तू कारण नसताना बाल्कनीत उभी राहायचीस.

तू गेल्यावर ते सगळं मी चालवलं. बॅटऱ्या दर काही वर्षांनी बसल्या, त्या बदलल्या. इन्व्हर्टर एकदा जळाला. पॅनेलांनी मात्र कधी कुरकुर केली नाही. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची, साबण नाही, घासणी नाही, हा तुझा नियम मी अजून पाळते. घरात पाहुणे असले तरी मी बादली घेऊन वर जाते. नवरा हसतो. हसू दे.

आता सोसायटी लिफ्टसाठी आणि पाण्याच्या पंपासाठी गच्चीभर नवीन सोलर बसवतेय. सभेत सेक्रेटरी, तेच ते, अजून ठणठणीत आहेत, म्हणाले की आधी हे जुनं भंगार उतरवा. माझं डोकंच फिरलं. बरीच तू तू मैं मैं झाली आणि शेवटी ठरलं, की सोलर कंपनीची इंजिनिअर येऊन मोजेल. पॅनेलं दमाची निघाली तर राहतील, नाहीतर थेट भंगारवाल्याकडे.

शनिवारी भर दुपारी आम्ही वर गेलो. बघते तर काय, तुझ्या पॅनेलांवर साबुदाण्याच्या पापड्या! प्लास्टिकही न अंथरता, ओळीने, निगुतीने घातलेल्या. सेक्रेटरींच्या बायकोच्या. काच छान तापते आणि मी ती दर रविवारी लख्ख ठेवते, असं त्यांनी मलाच कौतुकाने सांगितलं. इंजिनिअर अकोल्याची मुलगी, तिने हसू दाबलं, पापड्या उचलून मोजणी केली. काचेवर साबुदाण्याचा चिकट थर तसाच होता. आकडा पार घसरलेला. सेक्रेटरी फक्त "बघा" म्हणाले. मी बादलीकडे वळले आणि थबकले. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो, हेही तूच शिकवलेलं. मी म्हटलं, उद्या सकाळी पुसते, दुपारी परत मोजा. म्हणजे मुदत मागताय, ते म्हणाले. हो, मागतेय.

रविवारी उजाडल्या उजाडल्या मी वर गेले. थर निघता निघेना, नखांनी खरवडावं असं वाटत होतं, पण फडकं भिजवून भिजवून काढला. दुपारी तीच मंडळी पुन्हा जमली. मुलीने मीटर लावला, पॅनेलामागचं लेबल वाचलं, परत मीटर पाहिला. नवेपणी देत होती त्यातला अगदी थोडा भाग कमी झालाय, एवढंच, असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अजून दहा वर्षं आरामात चालते न मॅडम हे."

सेक्रेटरींनी मीटर हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "नवीन बसवा ती बाईंची जागा सोडून."

बाईंची जागा! आई, मला इतका आनंद झाला, की पेढे आणायला मी भर उन्हात स्कूटर काढली आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटले. पहिला सेक्रेटरींना दिला. त्यांनी मुकाट्याने खाल्ला.

एक मात्र सांगून टाकते. शनिवारी जिना उतरतानाच मी ठरवलं होतं, की उद्या आकडा कमी आला तरी पॅनेलं उतरवू द्यायची नाहीत. मीटर बिघडलाय म्हणेन, भांडेन, गच्चीच्या दारात आडवी पडेन. आणि ही कोण, तर जन्मभर "मोजून बोल" म्हणणाऱ्या बाईंची लेक. पत्र तुला पोचणार असतं, तर एवढं मी खोडलं असतं.