मध्यावर थांबणारा काटा

प्रिय बापू,

लहान भावाला पत्र लिहायचं म्हणजे आधी 'चि.' लिहायचं, ही आपल्या घरातली पद्धत. सवयीनं तसं लिहिलंसुद्धा, आणि मग खोडलं. तुला आता चिरंजीव कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणून हे 'प्रिय'. तेही आज फार मनापासून लिहिलंय असं समजू नकोस.

आज लिहायला बसले, कारण दुपारी बबनरावांच्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला, आत पाहिलं आणि परत बसवला. ती शेवटची गाडी. आता तपासायला एकही उरली नाही. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते, सगळ्या गाड्या पाहून होऊ देत, मग बापूला काय बोलायचं ते बोलू. तर आता ऐक. मध्ये 'अक्का, तसं नव्हतं गं' म्हणायची सोय तुला राहिलेली नाही, हे एक बरं आहे.

तुझं दिवसकार्य उरकलं आणि मी आपल्या चिखलीच्या गॅरेजच्या शेडचं शटर वर केलं. सुनीता म्हणाली, थोडं थांबा की अक्का. पण थांबून करू काय? तुझ्या लाडक्या जुन्या फोर-व्हील गाड्या पोटातल्या वायरी बाहेर काढून तशाच उभ्या होत्या. गिऱ्हाइकं भली, कुणी तगादा लावला नाही. पण नवरा गेला म्हणून सुनीता घरात बसून, आणि भाऊ गेला म्हणून मीही घरात बसून? दोघींनी भिंतीकडं बघत बसायचं? मला ते जमणारं नव्हतं.

त्यातच चाकणच्या पलीकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. गाडी वावरात रुतलीय, चारही चाकं ओढत नाहीत, डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा नुसता मिचमिचतोय. आजार ओळखीचा होता. मी मीटर घेतला, वायरीचं भेंडोळं घेतलं आणि आपली जीप काढली.

आपली जीप! सांगाडा आणला होतास तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, आठवतं? इंजिन तू उभं केलंस आणि अंगभर वायरिंग मी विणलं. शेडच्या भिंतीला प्लायवूड ठोकून, त्यावर खिळे मारून, चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत उभ्यानं जन्म काढून शिकले होते अगदी तसं. माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा तूच म्हणालास, "अक्का, लोकांच्या नव्या गाड्यांचं लई केलंस. आता माझ्या म्हाताऱ्यांकडं बघ." आले मी. तुझ्या शब्दावर आले.

तर डोंगराच्या चढाला लागले. माझी नजर सारखी टेंपरेचरच्या काट्यावर, ही तूच लावलेली शिस्त. काटा मध्यावर. मध्यावर म्हणजे गाडीची तब्येत उत्तम. नाकाला गरम पाण्याचा वास आला, तरी मी काटा पाहिला आणि म्हटलं, पुढच्या ट्रकचा असेल. नाकावर विश्वास ठेवला नाही, तुझ्या काट्यावर ठेवला. मग बॉनेटमधून वाफेचा लोट आला, इंजिन एकदा खडखडलं आणि बंद पडलं. आणि काटा? अजून मध्यावर! शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून बसलेला!

टोचन करून जीप शेडवर आणली. इंजिनाचं हेड तडकलेलं. आधी वाटलं, सेन्सर मेला असेल. सेन्सर काढून गरम पाण्यात बुडवला, मीटर लावला. ठणठणीत. मग वायर धरून हातानं चाचपत मागं मागं गेले. इंजिनापासून डॅशबोर्डच्या पोटात. काट्याच्या मागं, जिथं सहज हात पोहोचत नाही, तिथं टेपखाली एक गाठ लागली.

टेप निम्म्यावर निम्मी चढवत गुंडाळलेली होती आणि शेवटचा कोपरा आत दुमडलेला होता.

बापू, तो कोपरा मी लगेच ओळखला. कंपनीत आम्ही बायका टेप संपवताना कोपरा जरासा दुमडायचो. पुढं कुणाला उघडायची वेळ आली तर नख अडकवायला जागा राहावी म्हणून. सुपरवायझर ओरडायचा, तरी करायचो. ते मी तुला शिकवलं होतं. तू हसला होतास, "उघडणाऱ्याची एवढी काळजी?" आणि मग तुलाही ती सवय लागली. ह्या शेडमध्ये असा कोपरा दुमडणारी माणसं दोनच. आणि मी वायरिंग विणलं तेव्हा तिथं जोड ठेवलाच नव्हता.

आत एक रेझिस्टर होता, करंट अडवणारा. तांदळाच्या दाण्याएवढा. सोल्डर कसं चकचकीत, तुझं असतं तसं. किती हुशारीनं बसवला होतास! गाडी गार असली की काटा खाली, गाडी तापली की काटा हळूहळू वर, म्हणजे कुणाला शंका नको. फक्त मध्यावर आला की पुढं सरकायचा नाही. खाली इंजिन उकळो नाहीतर वितळो.

निगडीचा तो जुन्या गाड्या विकणारा आठवतो? गोड बोलून हेच काम करून मागत होता. "भाऊ, काटा तेवढा मध्यावर ठेवून द्या, गिऱ्हाईक खूश, आपण खूश." तू त्याला उभं केलं नाहीस. पार रस्त्यापर्यंत त्याच्या मागं ओरडत गेलास, "तापलेल्या पोराच्या काखेत बंद थर्मामीटर ठेवू काय मी?" मी शेडमधून ऐकत होते. सोल्डरिंग गन हातात धरून ऐकत होते आणि मला तुझा काय अभिमान वाटला होता! तो अभिमान आता कुठं ठेवू, सांग ना.

तो रेझिस्टर सापडला त्या दिवसापासून झोप गेली. आपल्या जीपमध्ये केलंस, तर आणखी किती गाड्यांत केलं असशील? त्या गाड्यांत लोकांची लेकरंबाळं बसतात. घाट चढतात. माझ्या हातचं वायरिंग आणि त्यात तुझं खोटं, असं किती जणांच्या गळ्यात बांधलं आपण? एकेकाला फोन केले. वायरिंग बघून देते म्हटलं, कारण सांगितलं नाही. एकेक डॅशबोर्ड उघडला. दरवेळी टेपचा दुमडलेला कोपरा दिसायचा. नख घालून उघडायचं, आत साधा जोड निघायचा. पुढची गाडी. पुन्हा कोपरा.

आज बबनराव आले. म्हाताऱ्यानं स्टुलावर बसून माझ्याकडं बघत विचारलं, "ताई, आमची गाडी तर ब्येस हाय की. उघडताय कशापायी?"

"काट्याच्या मागं एकदा बघते."

"काट्याला काय झालं न्हाई. मागं एकदा काटा वर चढाय लागला, तर बापूनं किल्लीच काढून घेतली हुती माजी. म्हनला, आबा, काटा वर ग्येला म्हंजी थांबायचं, माघारी पायी जा. आन् मी ग्येलो की पायी! व्हय, पार शिवेपातूर!"

आणि हसायला लागले बबनराव. मीही हसल्यासारखं केलं. त्यांच्या गाडीत काही नव्हतं. कुणाच्याच गाडीत काही नव्हतं, बापू. एकाही गाडीत नाही.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर सुटल्यासारखं होईल. पण डॅशबोर्डचा शेवटचा स्क्रू आवळताना उलटंच झालं. सगळ्या जगाशी तू सरळ वागलास. खोटा काटा फक्त एका माणसासमोर ठेवलास. माझ्यासमोर! तुला बोट धरून शाळेत सोडणाऱ्या अक्कासमोर!

सुनीता चहा घेऊन आली तेव्हा मी तो रेझिस्टर तिच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, हे काय आहे तुला ठाऊक नसेल, पण हे तुझ्या नवऱ्यानं मला फसवायला केलंय. तिनं त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. खाली जमिनीवरच बसली.

"जीपमधला हाय का?" म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं!

"त्यांना दम लागत होता, अक्का. दिवाळीपासून. डॉक्टर म्हणले, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन करा, तवर जड काहीच उचलू नका. हे ऑपरेशनला हो म्हणंनात. मला शपथ घातली. अक्काला कळलं तर शेडला कुलूप घालील म्हणले."

"आणि जीप?"

"जीप तापाय लागली तवा म्हणले, आता इंजिन उतरवावं लागणार. कप्पीची साखळी ओढाय लागलो की मला धाप लागणार, अन् अक्का समोरच उभी असणार. मग म्हणले, बघतो काहीतरी."

बघतो काहीतरी! हे बघितलंस होय?

म्हणजे इंजिनाचा ताप लपवलास तो तुझी धाप लपवायला. आणि मी वेडी, दवाखान्याच्या दारात सगळ्यांना सांगत होते, काही म्हणजे काही नव्हतं हो त्याला, सकाळी हसत गेला. निगडीला गिऱ्हाइकाची गाडी पोहोचवायला गेलास, सिग्नलला गाडी थांबवलीस, हँडब्रेक ओढलास आणि मान टाकलीस. मागच्या गाडीला तुझा धक्कासुद्धा लागला नाही. लोक म्हणाले, किती सावध माणूस. मी रडत रडत माना डोलावल्या. सुनीता शेजारीच उभी होती, गप्प. आता कळतंय ती गप्प का होती. तिलाही तू काय ओझं दिलंस, विचार केलास कधी?

मला तूच चिडवायचास, 'दोरीवाली अक्का' म्हणून. कंपनीत लाईनवर काही चुकलं दिसलं की लाल दोरी ओढून अख्खी लाईन थांबवायची असते. ओढायला सगळ्याजणी घाबरायच्या, मी ओढायचे. हो, मी थांबवलंच असतं तुला! शेडला कुलूप घातलं असतं, तुला बखोटीला धरून त्या ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन झोपवलं असतं, तू शिव्या दिल्या असत्यास तर त्या खाल्ल्या असत्या. बहीण कशाला असते मग? पण थांबवायचं म्हणजे आधी काटा वर जाताना दिसायला हवा. तू माझ्या डोळ्यांवरच घाव घातलास. भांडायची संधीसुद्धा दिली नाहीस, ह्याचा राग मला तुझ्या जाण्यापेक्षा जास्त येतो. असं लिहू नये. पण खरं आहे.

तुला भीती कसली होती रे? ऑपरेशनची? की शेड बंद पडेल याची? की मी रडेन याची? एवढं तरी सांगायचंस.

एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. जीपच्या डॅशबोर्डमागं तुझ्याशिवाय हात घालणारी मी एकटीच, हे तुला पक्कं माहीत होतं. लपवायचं होतं, तर टेप घट्ट दाबून टाकायचीस. कोपरा का दुमडलास? हाताची सवय होती, की मी कधीतरी उघडावं असं तुला वाटत होतं? सुनीताला विचारलं. तिला माहीत नाही. आता ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि हा तुझा दुसरा दगा.

बबनरावांनी जाताना विचारलं, "काय घावलं का ताई?" मी म्हटलं, काही नाही आबा, बापूचं काम आहे, चोख आहे. तुझ्यासाठी एवढं केलं. गिऱ्हाइकांपुरतं ते खरंही होतं.

आता माझा शब्द ऐक. शेड चालू राहील आणि पाटीवर तुझं नाव राहील. जीपचं इंजिन उद्या उतरवणार आहे. साखळी मी आणि सुनीता मिळून ओढणार, ती स्वतःहून म्हणाली. हेड नवीन बसेल, सेन्सरपासून काट्यापर्यंत सरळ एकच वायर जाईल, मध्ये काही नाही. काटा वर गेला की मी थांबेन. घाटात, रस्त्यावर, कुठंही. सुनीताला धाप लागली तरी थांबेन, मला लागली तरी तिला सांगेन. तशी शपथ तिनं मला घातलीय आणि मी तिला. ह्या घरात ह्यापुढं शपथ घालायची ती ह्याच कामासाठी.

तुला माफ केलं असं मात्र लिहिणार नाही. उगाच मध्यावर काटा आणून ठेवायचा नाही, हे ठरलंय ना? आत अजून उकळतंय, बापू. ते मी टेप गुंडाळून ठेवून देते आहे.

कोपरा दुमडून ठेवलाय.

तुझी,
अक्का