प्राणवायूची पायरी

२१ सप्टेंबर, रविवार
शेजारच्या सरोजाक्कानं लाकडी पायऱ्या आणून दिल्या. तंजावरची मराठी बाई ती. "नवरात्रात कोलू नाही? अय्यो, चेन्नईत राहून!" मग मांडलाच तो बाहुल्यांचा देखावा! वर देव, खाली वाण्याचं दुकान, मधे बाकीच्या बाहुल्या. आमच्या सोलापूरकडे हे नाही. मजा आली!
अवनी बघायलाही आली नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत नंबर हुकल्यापासून नात माझी मुकीच झालीय. तिचा बाप, आमचा अरुण, म्हणतो, पुन्हा बस. पोरगी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार
अवनी बोलली! बाजारातून धापा टाकत आले नि सहज विचारलं, "खाल्लेल्याची ताकद होते तरी कशी गं?" हात धरून कोलूपुढे नेलं मला. अन्नातून इलेक्ट्रॉन निघतो म्हणे, डोळ्याला न दिसणारा. तो पायरी-पायरीनं खाली उतरतो. उतरताना जोर सुटतो, त्यावर पंप चालतो — आपली मोटर गच्चीवर पाणी चढवते ना, तसा. पाण्याच्या जागी प्रोटॉन नावाचे कण. ते परत खाली धावतात, चाक फिरतं, ताकदीच्या पुड्या तयार! या सगळ्याला प्राणवायू लागतो म्हणे, म्हणून ती धाप.
दुसरी शिकलेली मी, आणि आत एवढा कारखाना!

२५ सप्टेंबर
आमटीत मीठ विसरले. डोक्यात इलेक्ट्रॉन.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
हळदीकुंकवाला बायका आल्या. प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटता वाटता मीच कारखाना सांगायला बसले. एक बाहुली घेतली, म्हटलं हा प्राणवायू, आणि ठेवली थेट वर, देवांशेजारी. प्राण देणारा तो, खाली कसा ठेवायचा?
"आजी! खाली!" खोलीतून आरोळी. अवनी तशीच बाहेर, केससुद्धा न विंचरता. "शेवटच्या पायरीवर उभा असतो तो. आलेला इलेक्ट्रॉन झेलतो, त्याचं पाणी होतं. झेलायला कुणी नसेल तर वरचे सगळे अडकतात."
"म्हणजे टी. नगरची बस," सरोजाक्का म्हणाली. "दारातला उतरला नाही तर आतले कुठे जाणार?"
"अगदी बरोबर, अक्का!"
हसली! मग मराठीत, तमिळमधे सांगतच सुटली. पुन्हा विचारलं की नव्यानं सांगायची, दुसरं काहीतरी उदाहरण काढून. बायकांचं सुंडल हातातच राहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा
अरुणनं पुन्हा परीक्षेच्या क्लासचा विषय काढला. अवनी शांतपणे म्हणाली, "बाबा, डॉक्टर नाही. मला शिकवायचंय."
नवरात्रभर मी देवीकडे डॉक्टरीण मागत होते. आज हात जोडले नि मागणं बदललं.